.३०-०६ बोल्ट रायफलसाठी स्कोप माउंट: दोन रिंगा की एकसंध? आणि २० एमओएची रेल खरंच लागते का?

धंतोली_नेम यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. नागपूरहून लिहितो आहे. रायफल रेमिंग्टन ७००, लाँग अ‍ॅक्शन, म्हणजे लांब काडतुसाची यंत्रणा, काडतूस .३०-०६, लायसन्सवरची, लाकडी स्टॉक. स्कोप ५-२५×५६, ट्यूब ३० मिमी, एलिव्हेशनचा (नेम वर-खाली करण्याचा) एकूण प्रवास २० मिल (१ मिल म्हणजे १०० मीटरला १० सेंमी), क्लिक ०.१ मिलची. सध्या रिसीव्हरवर (नळीमागचा, बोल्ट फिरतो तो भाग) वीव्हर पद्धतीचे (आडव्या खाचांचे) दोन सुटे बेस आणि साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगा आहेत.

बहुतेक नेमबाजी ३०० मीटरला, कधीमधी ६०० मीटरला. संधी मिळाली तर १००० मीटरपर्यंत जायचं आहे.

त्रास असा की १०० मीटरला झिरो केल्यावर (गोळी नेमाच्या बिंदूवर आणल्यावर) वीस-पंचवीस गोळ्यांत एका गुच्छाचे दोन होतात. एक जागेवर आणि दुसरा ४-५ सेंमी वर उजवीकडे. मधेच पुन्हा पहिल्या जागी.

आता माउंट बदलायचाच आहे, तर तीन शंका:
१) दोन सुट्या रिंगा घ्याव्या की एकसंध माउंट?
२) रेल (रिंगा जिच्यावर बसतात ती खाचांची पट्टी) सपाट घ्यावी, २० एमओए उताराची (१ एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) की थेट ४०ची?
३) ५६ मिमीच्या पुढच्या काचेला रिंगची उंची किती? एकीकडे २५ लिहिलेलं असतं, दुसरीकडे १०, आणि दोन्ही जण ‘मध्यम’ म्हणतात.

मिल_मीटर यांचं उत्तर

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो निव्वळ बेरीज-वजाबाकीचा आहे.

२० मिलचा एकूण प्रवास म्हणजे मधल्या बिंदूपासून वर १० आणि खाली १०. सपाट रेलवर १०० मीटरचा झिरो साधारण मधेच येतो, तेव्हा वर चढायला हातात १० मिल. .३०-०६ मध्ये १६८ ग्रेनची गोळी २७०० फूट प्रति सेकंदाच्या आसपास निघाली तर १०० मीटरच्या झिरोपासून ३०० मीटरला सुमारे दीड मिल, ६०० मीटरला सुमारे ५ मिल आणि १००० मीटरला साडेबाराच्या आसपास चढवावं लागतं. म्हणजे ६०० पर्यंत सपाट रेलवरही भागेल, १००० ला नाही.

२० एमओए म्हणजे ५.८ मिल. तेवढा उतार रेलमध्येच आला की वर चढायला १५.८ मिल मिळतात आणि खाली ४.२ उरतात. १००० मीटर आरामात बसतं.

४० एमओए म्हणजे ११.६ मिल. तुमच्या स्कोपला खाली १० च मिल आहेत, म्हणजे टरेट (नेम चढवायचं-उतरवायचं चाक) तळाला टेकला तरी १०० मीटरला गोळी दीड मिलभर वरच लागणार. सगळ्यात जवळचा झिरो ३०० मीटरला. ३५ मिल प्रवासाच्या ३४ मिमी ट्यूबवाल्या स्कोपला ती रेल चालते, तुमच्या स्कोपला नाही. ३० एमओएची रेल कागदावर बसते, पण खाली जेमतेम १.३ मिल राहतात आणि रेल किंवा रिंग जराशी जरी कमीजास्त निघाली की तेही संपतात.

तेव्हा २०. आणि हे फक्त १००० मीटरसाठी म्हणत नाही. स्कोपच्या आतली नळी गोल कवचात हलते. ती पार वर किंवा पार खाली गेली की डाव्या-उजव्या बाजूची जागा आपोआप कमी होते आणि काचेच्या कडेचं चित्र दिसतं. २० एमओएच्या रेलवर ६०० मीटरची ५ मिल चढवली की ती नळी जवळजवळ मधोमध येते. जिथे वाऱ्यासाठी सगळ्यात जास्त जागा लागते, तिथेच ती मिळते.

उंचीचा गोंधळ असा आहे: काही जण रेलच्या माथ्यापासून ट्यूबच्या मध्यापर्यंत मोजतात आणि काही जण रेलच्या माथ्यापासून ट्यूबच्या खालच्या पाठीपर्यंत. ३० मिमीच्या ट्यूबला या दोन मापांत बरोबर १५ मिमीचा फरक पडतो. तुमचे २५ आणि १० म्हणजे एकच रिंग, भाऊ. विकत घेताना ‘मध्यापर्यंत की पाठीपर्यंत’ हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता तुमच्या रायफलीवर मोजा. रेल बसवून तिच्यावर स्टीलची सरळ पट्टी ठेवा, ती रायफलीच्या नळीच्या वर पुढे काढा आणि जिथे स्कोपची पुढची घंटा येणार तिथे पट्टीची खालची कड आणि नळी यांच्यातलं अंतर व्हर्नियरने घ्या. ५६ मिमीच्या काचेची घंटा बाहेरून साधारण ६२ भरते (तुमची मोजून घ्या), म्हणजे त्रिज्या ३१. त्यात झाकणासाठी आणि हवेसाठी ३ मिमी धरा: ३४. पट्टीखालचं अंतर समजा ९ मिमी आलं, तर ३४ वजा ९, म्हणजे मध्यापर्यंत किमान २५ मिमीची रिंग. मोजताना २० एमओएचीच रेल लावलेली हवी. ती पुढे झुकलेली असते आणि दर १०० मिमीला ०.५८ मिमी खाली येते. सपाट रेलवर मोजून रिंग मागवली आणि घंटा नळीला टेकली, असं त्यामुळेच होतं.

दुसरं टोकही विसरू नका. बोल्टची मूठ पूर्ण वर उचलून आयपीस आणि झूमची रिंग यांना घासत नाही ना ते बघा. झूमच्या रिंगला दांडी असेल तर ती सगळ्या मॅग्निफिकेशनवर फिरवून बघा.

रिंग जितकी खाली तितकी चांगली, असं जुनी मंडळी सांगतात. मला ते अर्धंच पटतं. घंटा मोकळी हवी आणि गाल सहज टेकून डोळा मधे यायला हवा. या दोन अटी पूर्ण करणारी सगळ्यात खालची रिंग घ्या. ५६ मिमीच्या काचेला जुन्या लाकडी स्टॉकचा माथा बहुतेक वेळा कमी पडतो, त्यामुळे गालाखाली पट्ट्याचा टेकू लावावा लागेल. डोकं हवेत ठेवून झाडलेली गोळी कुठल्याही माउंटने सुधारत नाही.

हिंगणा_फिटर यांचं उत्तर

हिशोब वरच्या भाऊंनी दिला, मी बसवण्याचं सांगतो.

आधी रोग ओळखा. दोन ठरावीक गुच्छ आणि मधे काही नाही, याचा अर्थ काहीतरी दोन जागांमध्ये उडतंय. धक्का बसला की एका जागी, पुढच्या धक्क्याला दुसऱ्या. गुच्छ हळूहळू एकाच दिशेने सरकत गेला असता तर ट्यूब रिंगमध्ये घसरतेय किंवा नळी तापतेय असं म्हटलं असतं. तुमच्या वर्णनावरून मला संशय बेसचा आणि आडव्या बोल्टचा (रिंग बेसच्या खाचेत आवळणाऱ्या) आहे.

वीव्हर आणि पिकॅटिनी हे दोन्ही दिसायला भाऊ-भाऊ, मापाला नाहीत. पिकॅटिनीची खाच ५.२३ मिमी रुंद आणि दोन खाचांचं मध्य ते मध्य अंतर १०.०१ मिमी ठरलेलं. वीव्हरची खाच ४.५७ मिमी आणि अंतराला नियमच नाही. वीव्हरची बारीक बोल्टवाली रिंग पिकॅटिनी खाचेत बसते, पण पुढेमागे अर्धा-पाऊण मिमी खेळते. ती खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवून आवळली नाही तर .३०-०६ चा धक्का तिला स्वतःच ढकलतो.

पुढे का? गोळी सुटली की रायफल मागे येते, स्कोपचं वजन जागेवर राहू बघतं, म्हणजे रायफलीच्या मानाने स्कोप पुढे सरकतो. म्हणून रिंग किंवा माउंट खाचेत ठेवला की बोटाने नळीच्या दिशेने ढकलून धरायचा आणि तसाच आवळायचा. दहा सेकंदांचं काम आहे आणि सगळ्यात जास्त हेच राहून जातं.

दोन सुटे बेस मी काढूनच टाकायला सांगेन. ७०० च्या रिसीव्हरचा पुढचा आणि मागचा माथा सारख्या उंचीचा नसतो, म्हणून पुढचा बेस आणि मागचा बेस वेगवेगळ्या जाडीचे येतात. दोन वेगळ्या सेटमधले लागले, किंवा एकाखाली जुना रंग-गंज राहिला, की रिंगा एका रेषेत राहत नाहीत. त्या वाकड्या रिंगांत ट्यूब आवळली की ट्यूब कमानीसारखी ताणली जाते आणि टरेट एका बाजूला जड लागतो. स्कोप काढून ट्यूब बघा: रिंगच्या कडेची चंद्रकोरीसारखी खूण एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला नसेल तर हेच झालंय.

लाँग अ‍ॅक्शनची एकसंध रेल घ्या, स्टीलची मिळाली तर उत्तम. आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं आहे. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या दुप्पट पसरतो. मे महिन्यात ४५ डिग्रीत बंद गाडीच्या डिक्कीत रायफल ठेवली तर धातू ६० च्या पुढे सहज जातो. २५ डिग्रीला आवळलेली अ‍ॅल्युमिनियमची रेल ३५ डिग्री वर गेली की ११० मिमीच्या अंतरात रिसीव्हरपेक्षा जवळपास ०.०५ मिमी जास्त लांबते. नीट आवळलेली, पूर्ण टेकलेली रेल ते सहन करते. ढिल्या स्क्रूवरची रेल सरकते आणि थंड झाल्यावर जुन्या जागी येतेच असं नाही. अ‍ॅल्युमिनियमचीच घ्यायची असेल तर खाली रिकॉइल लग (धक्का झेलणारा उंचवटा) असलेली घ्या, म्हणजे धक्का लगवर जाईल, नुसत्या स्क्रूंवर नाही.

आता आवळणं. टॉर्क ड्रायव्हर (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा) पाहिजेच. हाताच्या अंदाजाने केलेलं मी काम धरत नाही.

बेसचे स्क्रू: जुन्या ७०० ला ६-४८ आट्याचे बारीक स्क्रू असतात. भोकं आणि स्क्रू अ‍ॅसिटोनने तेल निघेपर्यंत पुसा, निळं लॉकटाइट २४३ चा एक थेंब, आणि २.२ ते २.५ न्यूटन-मीटर. लाल लॉकटाइट वापरू नका, पुढे स्क्रू काढताना डोकं तुटतं. रात्रभर, शक्यतो २४ तास राहू द्या.

आडवे बोल्ट: साधारण ५ ते ७ न्यूटन-मीटर. बनवणाऱ्याच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

रिंगच्या टोप्या: १.७ ते २ न्यूटन-मीटर, आणि इथे लॉकटाइट नाही, तेलही नाही. ओल्या आट्यावर तोच टॉर्क ट्यूबला जास्त दाबतो आणि ३० मिमीची ट्यूब चेपते. चारही स्क्रू आधी बोटाने टेकवा, दोन्ही बाजूंची फट सारखी करा, मग कर्णरेषेत अर्धा-अर्धा न्यूटन-मीटर वाढवत न्या. आवळल्यावर झूम किंवा पॅरालॅक्सचं चाक पूर्वीपेक्षा जड झालं तर लगेच सोडा, ट्यूब आवळली गेली आहे.

शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रेलवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. रेंजवर नुसती नजर टाकली तरी कळतं.

आणि एक, रिसीव्हरला नवं भोक किंवा नवे आटे पाडायची वेळ आली तर लायसन्सवाला आर्मररच गाठा. शस्त्राची दुरुस्ती आणि बदल शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ खाली येतो. लेथवाल्याकडून ३० मिमीची ग्राइंड केलेली स्टीलची दांडी बनवून घ्या हवी तर, रिंगा सरळ आहेत का ते बघायला ती फार कामाची. पण रायफल त्याच्याकडे नेऊ नका.

रामटेक_ओळंबा यांचं उत्तर

पहिला प्रश्न राहिला म्हणून लिहितो. एकसंध माउंटचा फायदा असा की दोन्ही रिंगा एकाच सेटअपमध्ये कापलेल्या असतात, वाकड्या निघण्याचा प्रश्न जवळपास संपतो. पण बोल्ट रायफलला सरळ रेल मिळाली तर दोन चांगल्या सुट्या रिंगाही तितक्याच धरतात, वजन कमी आणि रिंगांमधलं अंतर तुमच्या हातात. लाँग अ‍ॅक्शनवर हे अंतर मोठं ठेवता येतं. टरेटच्या खोक्याला रिंग चिकटवू नका, ३ मिमी तरी सोडा, आणि घंटेच्या उतारावर तर चढवूच नका. मी तुमच्या जागी रेलमध्ये २० एमओए घेऊन वर सपाट रिंगा लावल्या असत्या. एकसंध माउंट घ्यायचा झाला तर त्यात पुन्हा २० एमओए नाही ना ते बघा, नाहीतर दोन्ही मिळून ४० होतात आणि मिल_मीटर यांनी सांगितलेली अडचण समोर येते.

रिंगा घासू नका. चांगल्या रिंगा घासल्या की गोलाई बिघडते आणि वरचं अ‍ॅनोडायझिंग जातं. प्लास्टिकच्या गोलाकार इन्सर्टवाल्या रिंगांना तर घासणं पूर्ण वर्ज्य.

आता पातळी. रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा) तिरपं बसलं तर १ अंशाला ६०० मीटरवर ५ सेंमी, १००० मीटरवर २२ सेंमी गोळी बाजूला जाते आणि आपण वाऱ्याला दोष देत बसतो. टरेटच्या टोपीवर पाणसळ ठेवून समाधान मानू नका, टोपी आणि रेटिकल यांचं नातं कारखान्यात किती नेमकं जमलं ते माहीत नसतं. २५-३० मीटरवर वारा नसलेल्या जागी गवंड्याचा ओळंबा टांगा, दोरी पांढरी. रेलवर छोटी पाणसळ ठेवून रायफल आडवी पातळीत पक्की करा, मग रिंगच्या टोप्या ढिल्या असताना स्कोप फिरवून उभी रेघ दोरीवर बसवा. टोप्या आवळताना स्कोप थोडा फिरतोच, म्हणून प्रत्येक फेरीनंतर पुन्हा दोरी बघा.

झिरो झाल्यावर १०० मीटरला उंच कागद लावा, त्यावर ओळंब्यानेच १ मीटरची उभी रेघ. खालच्या बिंदूवर नेम धरून तीन गोळ्या, मग ८ मिल चढवून त्याच बिंदूवर नेम धरून तीन. गुच्छ बरोबर ८० सेंमी वर आणि रेघेवरच हवा. ७८ आला तर तुमची क्लिक ०.१ नाही, ०.०९७५ मिलची आहे, तेवढी दुरुस्ती कोष्टकात करा. उंची बरोबर पण बाजूला गेला तर पातळी चुकली.

धंतोली_नेम

मनापासून धन्यवाद. चंद्रकोरीची खूण अगदी तशीच निघाली, मागच्या रिंगखाली, डाव्या बाजूला. २० एमओएची स्टीलची रेल आणली. लॉकटाइट न लावता नुसती बसवून बघितली तर दोन गोष्टी दिसल्या. फक्त पुढचे दोन स्क्रू आवळले की मागे रेलखाली ०.१५ मिमीची फिलर गेज पट्टी आत जाते. आणि चारही स्क्रू लावले की बोल्ट शेवटी बंद होताना अडतो, आधी लोण्यासारखा फिरायचा. रेल बदलून घेऊ का?

हिंगणा_फिटर

बदलायची गरज नाही, दोन्ही नेहमीचे प्रकार आहेत.

बोल्ट अडणं म्हणजे सगळ्यात पुढचा स्क्रू लांब आहे. तो भोकातून आत उतरून बोल्टच्या लगला (बोल्टच्या टोकाचा, बंद होताना अडकणारा उंचवटा) घासतोय. खात्री करायला तेवढाच स्क्रू काढा आणि बोल्ट फिरवा. मोकळा झाला तर टोक कानशीने थोडं थोडं कमी करा. ६-४८ चा एक आटा ०.५३ मिमीचा असतो, एका वेळी अर्ध्या आट्यापेक्षा जास्त घासू नका. घासायच्या आधी स्क्रूवर एक नट चढवून ठेवा, काढताना तो टोकाचे आटे साफ करतो. काहीही झालं तरी अडणारा बोल्ट जोर लावून बंद करू नका, लगवर ओरखडा पडतो.

०.१५ ची फट मात्र भरावी लागेल. ०.०५ पर्यंत मी सोडून देतो. ०.१५ वर मागचे स्क्रू आवळले तर रेलच वाकते, आणि तिच्यावरच्या रिंगा पुन्हा वाकड्या. मग जुन्या बेसमध्ये आणि हिच्यात फरक काय राहिला?

रेलची मागची खालची बाजू १८० च्या सॅन्डपेपरने खरखरीत करा आणि अ‍ॅसिटोनने पुसा. रिसीव्हरच्या मागच्या माथ्यावर आणि स्क्रूंच्या आट्यांवर बुटाच्या पॉलिशचे दोन पातळ हात, सुकवून चमकवा, म्हणजे एपॉक्सी तिथे चिकटणार नाही. भोकांत प्लॅस्टिसिन भरा. स्टील भरलेलं एपॉक्सी वाटाण्याएवढं घेऊन रेलच्या मागच्या भागाखाली पसरा. पुढचे दोन स्क्रू २.२ ला आवळा. मागचे स्क्रू नुसते दिशेसाठी दोन आटे धरवा, दाबू नका. सगळी गोम इथेच आहे: मागचे स्क्रू दाबले तर वाकलेल्या रेलचाच साचा तयार होतो. बाहेर आलेलं एपॉक्सी रॉकेलच्या बोळ्याने लगेच पुसा.

सध्याच्या उन्हात एपॉक्सी डब्यावर लिहिलंय त्याच्या निम्म्या वेळात घट्ट होऊ लागतं, म्हणून सकाळी लवकर करा आणि सगळी हत्यारं आधीच काढून ठेवा. २४ तासांनी रेल उचला. रेलखाली गुळगुळीत, छिद्र नसलेली पट्टी दिसली पाहिजे. पॉलिश आणि प्लॅस्टिसिन पूर्ण साफ करून मग लॉकटाइटसकट शेवटचं आवळणं.

मिल_मीटर

एवढं करून गुच्छ फुटलाच, तर स्कोप विकायच्या आधी स्टॉक बघा. लाकडी आहे म्हणालात. दहाची नोट दुहेरी करून नळी आणि स्टॉकच्या मधून पुढून मागे ओढा, रिसीव्हरपर्यंत मोकळी आली पाहिजे. पावसाळ्यात लाकूड फुगून एका जागी टेकतं आणि नळी तापली की गोळी तिथून फेकली जाते. अ‍ॅक्शनचे स्क्रूही बघून घ्या, लाकडाला ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि ते आवळताना रायफल उभी धरा, म्हणजे रिसीव्हरखालचा लग स्टॉकमध्ये मागे टेकून बसेल. काडतुसंही सावलीत ठेवा. उन्हात तापलेल्या काडतुसाचा वेग वाढतो, आणि ६०० मीटरला गोळी वर गेली की पुन्हा माउंटवरच संशय येतो.

धंतोली_नेम

पुढचा स्क्रू एका आट्याने कमी केला, बोल्ट मोकळा झाला. एपॉक्सी रविवारी सकाळी सहाला लावतो. उंच कागदाचा आकडा आला की इथेच टाकतो.